भोसरी ते चाकण: एका क्वालिटी इन्स्पेक्टरची चौथी मुलाखत

(ओळख पटू नये म्हणून उमेदवाराचं आणि कंपन्यांचं नाव दिलेलं नाही. पगाराचे आणि उत्पादनाचे आकडे थोडे बदलले आहेत, त्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे.)

## पार्श्वभूमी

उमेदवाराचं वय 29. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तोही शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिल्यामुळे वर्षभर उशिरा हातात आलेला. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात. पुण्यात मोशीला भाड्याच्या दोन खोल्या, घरात आई आणि पत्नी. आईला मधुमेह आणि रक्तदाब, औषधं चिंचवडच्या ईएसआयसी (कामगारांच्या आरोग्य विम्याच्या) रुग्णालयातून मिळायची. हा तपशील शेवटी पुन्हा येणार आहे.

भोसरी एमआयडीसीतल्या चाळीसेक माणसांच्या मशिनिंग युनिटमध्ये तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशिनं), सहा सीएनसी लेथ. अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग आणि स्टीलचे टर्न्ड पार्ट बनायचे आणि माल वाहन कंपन्यांच्या थेट पुरवठादारांकडे जायचा. अशा युनिटमधला इन्स्पेक्टर म्हणजे इनकमिंग, इनप्रोसेस, फायनल, डिस्पॅचचे रिपोर्ट, ग्राहकाच्या गोडाउनमध्ये उभं राहून माल सॉर्ट करणं आणि ऑडिटच्या आदल्या रात्री फाइली भरणं, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. काम इंजिनिअरचं, पदनाम इन्स्पेक्टरचं. महिन्याला हातात पडायचे 18,200 रुपये.

त्याआधी चौदा महिने तो चाकणच्या एका मोठ्या कंपनीत होता, पण ठेकेदाराच्या पटावर. आता त्याला चाकण-तळेगाव पट्ट्यात टिअर-वन (वाहन कंपन्यांना थेट माल पुरवणाऱ्या) कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून कायम नोकरी हवी होती.

## अडचण नेमकी कुठे होती

आठ महिन्यांत तीन मुलाखती झाल्या, तिन्हींत नकार. त्याचं स्वतःचं निदान एका शब्दाचं होतं: इंग्रजी.

हे निदान तपासायला त्याला एकच काम सांगितलं गेलं. तिन्ही मुलाखतींतले आठवतील तेवढे प्रश्न वहीत लिहायचे आणि प्रत्येकासमोर आपण काय उत्तर दिलं ते, जसं दिलं तसं, मांडायचं. सुधारून नाही. 31 प्रश्न आठवले. त्यांतल्या 12 प्रश्नांवर तो अडला होता. इंग्रजी शब्द सुचला नाही म्हणून अडलेले प्रश्न चार. उरलेल्या आठांचं उत्तर त्याला मराठीतही देता आलं नसतं.

ते आठ प्रश्न वेगवेगळ्या जागी दुखत होते.

पहिल्या मुलाखतीत, तळेगावला, विचारलं होतं की ग्राहकाची एखादी तक्रार तुम्ही कशी सोडवली. त्यानं बोअर (पार्टमधलं अचूक मापाचं भोक) लहान निघाल्याची तक्रार सांगितली. कारण विचारल्यावर म्हणाला, "ऑपरेटरची चूक." पुढचा प्रश्न: "मग तुमच्या फायनल इन्स्पेक्शनला ती का सापडली नाही?" तो गप्प. ऑपरेटरनं चूक का केली आणि ती आपल्या हातून का निसटली, ही दोन कारणं एट-डी रिपोर्टमध्ये (तक्रारीच्या आठ टप्प्यांच्या अहवालात) वेगवेगळी मांडावी लागतात. असे रिपोर्ट त्यानं वर्षभरात निदान सहा भरले होते. पण भरले होते ते ग्राहकाकडून आलेल्या फॉर्मचे रकाने म्हणून.

दुसरीत, रांजणगावला, बायोडेटातला एक शब्द उचलून विचारलं: "एमएसए केलंय म्हणता, जीआरआर किती आला होता?" एमएसए म्हणजे मोजमापाची पद्धत किती भरवशाची याचा अभ्यास, जीआरआर म्हणजे मापांतल्या फरकात गेज (मापाचं साधन) आणि मोजणारी माणसं यांचा वाटा. आकडा सांगता आला नाही. किती आला तर चालतो, हेही सांगता आलं नाही. (10 टक्क्यांच्या आत उत्तम, 10 ते 30 च्या दरम्यान वापर, खर्च आणि जोखीम पाहून, 30 च्या वर गेज किंवा पद्धत बदला.) शिवाय "सध्याची नोकरी का सोडताय?" यावर त्यानं मालक, ओव्हरटाइम आणि न मिळालेलं इन्क्रिमेंट यांची पाच मिनिटं कैफियत मांडली.

तिसरी चाकणची. प्लांटच्या गेटवर तो बरोबर दहाला पोचला. सिक्युरिटीत नोंद, ओळखपत्र, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सेफ्टी शूज नाहीत म्हणून फोनाफोनी, यात पंचवीस मिनिटं गेली. आत गेल्यावर एचआरनं भविष्य निर्वाह निधीची सेवा-नोंद मागितली. बायोडेटात मोठ्या कंपनीचं नाव आणि यूएएनच्या (निधीच्या खाते क्रमांकाच्या) नोंदीत ठेकेदाराचं. खोटेपणाचा हेतू नव्हता, काम त्यानं त्याच लाइनवर केलं होतं. पण टेबलापलीकडच्या माणसाला हे कळायला मार्ग नव्हता.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय तीन महिन्यांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास. वाईट नाही, पण बारा अडचणींपैकी चारांवरचा इलाज, आणि त्यात पीपीएपी (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची फाइल) किंवा बोअर गेज हे शब्द येणार नाहीत.

दुसरा, पैसे घेऊन "आत लावून देणारा" एजंट. भोसरी-चाकण भागात असे फोन येत राहतात. ज्या कंपनीला माणूस हवा असतो ती कन्सल्टन्सीला स्वतः पैसे देते. उमेदवाराकडून आगाऊ रक्कम मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा.

तिसरा सल्ला शॉपमधल्या एका सहकाऱ्याचा होता: पगाराची स्लिप "थोडी वाढवून" घे आणि ठेकेदाराचे चौदा महिने दाबून टाक. असं करणारे भेटतात. पण स्लिपवरचा आकडा बँक स्टेटमेंटशी जुळावा लागतो, आणि रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा यूएएनवर दिसतात. पडताळणी बहुतेक वेळा ऑफरनंतर होते, म्हणजे जुनी नोकरी सोडून झाल्यावर. तेव्हा पकडलं गेलं तर दोन्हीकडून जातो. हा पर्याय नैतिकतेपर्यंत जायच्या आधी व्यवहारावरच बाद झाला.

चौथा पर्याय, जो निवडला, तो कंटाळवाणा होता: पाच आठवडे रोज एक तास. आपलंच काम आकड्यांत मांडायचं, बायोडेटातलं जे पेलत नाही ते काढायचं आणि सराव मुलाखती द्यायच्या.

## काय केलं

### बायोडेटा

साडेतीन पानांचा बायोडेटा दोन पानांवर आला. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि तळाचं "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे" हे प्रतिज्ञापत्र काढलं. पण खरा निर्णय कौशल्यांच्या यादीचा होता. तिथे अकरा संक्षेप एका ओळीत होते: पीपीएपी, एपीक्यूपी (नव्या पार्टच्या गुणवत्तेचं नियोजन), एफएमईए (काय बिघडू शकतं याचं विश्लेषण), एसपीसी (आकडेवारीनं प्रक्रियेवर नियंत्रण), एमएसए वगैरे. प्रत्येकासमोर तीन प्रश्न ठेवले. हे तुम्ही स्वतः केलं का? कुठल्या पार्टसाठी? आकडा काय आला? तीनही उत्तरं नसतील तर शब्द जाईल.

एपीक्यूपी गेलं. पीपीएपी पूर्ण गेलं नाही, त्याचं वाक्य झालं: "पीपीएपी फाइलसाठी मापांचे रिपोर्ट आणि गेजची यादी तयार केली, चार पार्ट." पीपीएपीत 18 घटक असतात, त्यांतले दोन-तीन तोच करायचा, बाकी मालकाचा सल्लागार. असं लिहिल्यावर मुलाखत घेणारा त्या दोन-तीनांवरच विचारतो, आणि तिथे याची पाटी कोरी नव्हती. एमएसए ठेवायचं तर करून बघायचं असं ठरलं. त्यानं युनिटमध्येच एका बोअर गेजचा अभ्यास केला: 10 पार्ट, 3 माणसं, प्रत्येकाची 3 मापनं, म्हणजे 90 रीडिंग, दोन दुपारी. जीआरआर 17 टक्के आला. आकडा फार देखणा नाही, पण स्वतःचा.

ठेकेदाराची नोंद कशी लिहायची यावर बराच खल झाला. शेवटी एकच ओळ: ठेकेदार संस्थेचं नाव पहिल्यांदा, पुढे "नेमणूक:" लिहून कंपनी आणि लाइन. त्यामुळे कागद आणि यूएएन जुळले. मोठं नाव दुसऱ्या जागी गेलं याचं त्याला वाईट वाटलं. पण वाचणाऱ्याला ते तिथेही दिसतंच.

### एक तक्रार, आरपार

दहा किस्से वरवर पाठ करण्यापेक्षा एक प्रकरण खणायचं ठरलं, आणि तेही तळेगावला जिथे तोंड बंद झालं तेच. हाउसिंगमधला 25 एच7 बोअर, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. मे महिन्यात ग्राहकाकडे गो प्लग गेज (भोकात जायलाच हवा असा तपासणीचा दांडा) आत जाईना. मागचे रिपोर्ट काढले, ऑपरेटरशी पुन्हा बोलणं केलं, तेव्हा चित्र असं दिसलं.

उन्हाळ्यात कूलंटची टाकी तापते. पार्ट मशिनमधून निघायचा तेव्हा हाताला कोमट लागायचा, खोलीपेक्षा साधारण 15 अंश जास्त. बोअर गेजची सेटिंग रिंग (जिच्यावर गेज जुळवतात ती ठरल्या मापाची कडी) मात्र टेबलावर, खोलीच्या तापमानाला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दर मिलिमीटरमागे सुमारे 0.000023 मिलिमीटर पसरतं. 25 मिलिमीटर आणि 15 अंश धरले तर 0.0086, म्हणजे साडेआठ मायक्रॉन. बोअरच्या मापातली एकूण सूट 21 मायक्रॉनची, तिच्यातला चाळीस टक्के भाग नुसत्या उष्णतेनं खाल्ला. ऑपरेटरला गरम पार्टवर 25.019 दिसायचं, तो वरच्या मर्यादेच्या धास्तीनं ऑफसेट (मशिनमधली मापाची दुरुस्ती) देऊन 25.006 वर आणायचा. पार्ट निवला की 24.997.

म्हणजे ऑपरेटर गेजप्रमाणे बरोबर वागत होता. आणि फायनलला का सापडलं नाही? फायनलचं टेबल मशिनच्या शेजारी, ट्रेमागे पाच पार्ट तपासायचे, तेही गरमच. एकाच चुकीच्या सवयीनं चूक घडवलीही आणि झाकलीही.

उपाय साधा होता: पार्ट आणि रिंग वीस मिनिटं एकाच सरफेस प्लेटवर ठेवायची, मगच माप आणि मगच ऑफसेट. हे त्यानं मागच्या उन्हाळ्यातच सुरू केलं होतं, आणि नाकारलेला माल हजारी 38 वरून 6 वर आला होता. आकडे रजिस्टरमध्ये पडून होते. कुणी जोडून पाहिले नव्हते, त्यानंही नाही.

हे प्रकरण त्यानं दीड मिनिटात सांगायचं बसवलं. क्रम असा: पार्ट आणि सूट, तक्रार, तातडीनं काय रोखलं (ग्राहकाकडचा, वाटेतला आणि आपल्या गोडाउनमधला माल, किती नग), कारण, का निसटलं, उपाय, आधीचा आणि नंतरचा आकडा. "तातडीनं काय रोखलं" ही पायरी तो सुरुवातीला दर वेळी विसरायचा. शोधलेल्या कारणाचा अभिमान असला की आग विझवल्याची गोष्ट सांगायची राहून जाते. क्वालिटी मॅनेजरला मात्र आधी तीच ऐकायची असते, कारण रात्री ग्राहकाचा फोन त्याला येतो.

### सराव मुलाखती

पत्नीचे मामा एका मोठ्या कंपनीतून क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले, राहायला निगडी प्राधिकरणात. पहिला सराव त्यांच्याकडे झाला आणि वाया गेला. "जावईबापू, अगदी छान सांगितलंत," म्हणून त्यांनी चहा पुढे केला. जावयाला तोडून बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि सराव मुलाखतीला नेमकी तोडून बोलणारी व्यक्ती लागते. हे मामांच्याच लक्षात आलं. त्यांनी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याला सांगितलं, नातं न कळवता. पुढचे दोन सराव तिथे झाले, टेबलावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये "स्वतःबद्दल सांगा" याचं उत्तर चार मिनिटं दहा सेकंदांचं होतं. गाव, वडिलांची शेती, बहिणीचं लग्न, दहावीचे टक्के. काम आलं तिसऱ्या मिनिटाला. शेवटचं रूप 80 सेकंदांचं झालं: सध्या काय तपासतो, किती मशिन, कुठली मोजमापाची साधनं, एक निकाल आकड्यासह, आणि या पदाशी त्याचा संबंध. गाव एका वाक्यात शेवटी.

दुसरी खोड ऐकताना सापडली. प्रत्येक वाक्यात "आम्ही". "आम्ही रिजेक्शन कमी केलं." शॉपमध्ये हीच रीत आहे, "मी केलं" म्हणणारा आगाऊ वाटतो. पण टेबलापलीकडच्याला "आम्ही"मधला तुमचा वाटा दिसत नाही. तोडगा असा निघाला: जिथे निर्णय किंवा मापन त्याचं होतं तिथे "मी", जिथे मशिनवरचा बदल झाला तिथे "ऑपरेटर आणि मी", आणि खर्चाची मंजुरी मालकाची.

भाषेचं कोडं त्या मानानं लवकर सुटलं. स्वतःच्या कामाबद्दलची बारा सोपी इंग्रजी वाक्यं तोंडात बसवायची. सुरुवात इंग्रजीतून. तांत्रिक खोलात शिरल्यावर, अडखळण्याआधीच, "सर, हा भाग हिंदीत सांगितला तर चालेल का?" असं विचारायचं. चाकणच्या पॅनलवर महाराष्ट्राबाहेरची माणसंही असतात. हिंदी चालते, मराठीचं गृहीत धरू नये. अडखळून झाल्यावर परवानगी मागितली तर ती माघार वाटते, आधी मागितली तर सोय.

"नोकरी का सोडताय?" याला तीन वाक्यं. युनिटमध्ये सगळ्या टप्प्यांचं काम शिकायला मिळालं. तिथे सीएमएम (तीन दिशांत माप घेणारं मशिन) नाही आणि नवीन पार्टच्या विकासात इन्स्पेक्टरला स्थान नाही. तेच इथे हवं आहे. सगळं खरं, आणि मालकाचं नावही नाही.

## मुलाखतीचा दिवस

चौथी मुलाखत चाकणला, वेळ साडेदहाची. मोशीहून नाशिक महामार्गानं जायचं, आणि चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी कंपन्यांच्या बस आणि कंटेनर अडकलेले असतात. तो पावणेआठला निघाला, गेटवर पावणेदहाला. पिशवीत सेफ्टी शूज. फाइलमध्ये मूळ गुणपत्रिका, तीन स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, यूएएनची नोंद, आणि ड्रॉइंगचा क्रमांक व ग्राहकाचं नाव झाकलेला त्या 90 रीडिंगचा तक्ता. ही झाकाझाक महत्त्वाची. आपल्या कंपनीची कागदं दुसऱ्याच्या टेबलावर उघडी टाकणारा उद्या आमचीही टाकेल, असंच समोरचा धरतो.

पॅनलवर क्वालिटी मॅनेजर, प्रॉडक्शनचे एक साहेब आणि एचआरच्या मॅडम. पहिली दहा मिनिटं हातांची परीक्षा. मायक्रोमीटर पुढे केला. त्यानं आधी तोंडं पुसून शून्य तपासलं, मग रॅचेटनं माप घेतलं. शून्य दोन मायक्रॉननं सरकवून ठेवलेलं होतं. माप अचूक सांगण्याइतकंच ते पाहिलं का, याला वजन होतं. मग प्लग गेज: "गो कुठल्या मापाचा?" भोकासाठी खालच्या मर्यादेचा, 25.000. शाफ्टच्या गेजला उलट. हा प्रश्न सोपा आहे, आणि घाईत सर्वाधिक चुकतो.

बोअरची गोष्ट सांगितल्यावर मॅनेजरनी दोन प्रश्न टाकले. "मग थंडीत तक्रार का आली नाही?" थंडीत टाकी गार असते, फरक चार-पाच अंशांचा, म्हणजे तीन मायक्रॉनच्या आत, तो सुटीत लपून जायचा. दुसरा: "रिंग अ‍ॅल्युमिनियमची केली असती तर प्रश्न मिटला असता?" याचा सराव झालेला नव्हता. तो काही क्षण थांबला आणि म्हणाला, रिंगही पार्टइतकीच गरम असेल तरच. टेबलावर गार पडलेली असेल तर धातू बदलून उपयोग नाही. प्रकरण पाठ असतं तर हे उत्तर आलं नसतं.

सगळंच जमलं असं नाही. एफएमईएवर विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की युनिटमध्ये अजून आरपीएनच (जोखमीचा गुणाकारानं काढलेला आकडा) काढतात. 2019 च्या एआयएजी-व्हीडीए पुस्तिकेत त्याजागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (कृतीचा अग्रक्रम) आली एवढं माहीत आहे, स्वतः केलेलं नाही. इथवर ठीक. पण ड्रॉइंगवरच्या पोझिशनच्या (भोक कुठे असावं हे सांगणाऱ्या) चौकटीत गोलात एम होता, आणि त्याचा अर्थ विचारल्यावर त्यानं अंदाज ठोकला. तो चुकला. जास्तीत जास्त धातू असलेल्या मापाला पोझिशनची सूट तेवढीच मिळते आणि भोक मोठं होईल तशी ती वाढते, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच तासात एकदा "केलेलं नाही" म्हणून मान मिळवलेला माणूस दुसऱ्यांदा तेच का म्हणू शकला नाही? बहुधा एकाच मुलाखतीत दोनदा "माहीत नाही" म्हटलं तर संपलंच असं वाटलं असावं. मॅनेजरनी "बघून घ्या" एवढंच म्हटलं.

शेवटी "काही विचारायचंय?" यावर त्यानं विचारलं: या लाइनवर सध्या ग्राहकाची सर्वांत जास्त तक्रार कुठल्या पार्टची येते? पुढची दहा मिनिटं मॅनेजरच बोलत होते.

## ऑफर, पगार आणि तारीख

सहा दिवसांनी एचआरचा फोन आला. "एक्स्पेक्टेशन किती?" बसस्टॉपवर उभा असताना त्यानं "26 हजार" सांगून टाकलं. हातात की एकूण, ते कोणीच बोललं नाही. ऑफर 3 लाख 90 हजारांची आली आणि ती ऐकायला भरघोस वाटली. फोड अशी होती: महिन्याचा ठोक पगार 27,000, कंपनीचा निधीतला वाटा 1,800, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 720, आणि वर्षाचे 36,000 कामगिरीवर अवलंबून. ठोक 27,000 मधून स्वतःचा निधी 1,800, व्यावसायिक कर 200, बस आणि कँटीन 700. हातात 24,300. एचआरच्या हिशेबात त्यांनी मागण्यापेक्षा हजार जास्तच दिले होते.

दुसरा पेच तारखेचा. कंपनीला तो 30 दिवसांत हवा होता. जुन्या युनिटमध्ये पाच वर्षं पूर्ण व्हायला सात आठवडे बाकी होते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात; शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 12,000 वर ते साधारण 34,600 होतात. पाचव्या वर्षाचे 240 दिवस भरले तरी मिळते असं सांगणारे भेटतात आणि मद्रास उच्च न्यायालयाचा निकालही दाखवतात. पण छोट्या युनिटच्या मालकाशी त्या निकालावर वाद घालत बसायची त्याची तयारी नव्हती. तीन आठवडे उशिरा रुजू होण्याची किंमत, नव्या आणि जुन्या पगारातला फरक धरून, साडेचार हजारांच्या आसपास. हिशेब सरळ होता. जोखीम ऑफर हातची जाण्याची.

आजारपण, गावाकडचं काम अशी कारणं सुचवणारे होते. त्यानं ईमेल केला: ऑफर मान्य आहे, नोटीस 30 दिवसांची आहे, पाच वर्षं अमुक तारखेला पूर्ण होतात, त्यानंतरच्या सोमवारी रुजू होईन. दोन दिवस उत्तर नाही. मॅडमचा होकार आला तो सुधारित तारखेच्या पत्रासह, आणि ते पत्र हातात आल्यावरच त्यानं राजीनामा दिला. मालकांनी तीन हजार वाढवायची तयारी दाखवली. तो थांबला नाही.

## निकाल

ठरल्या सोमवारी रुजू झाला. ग्रॅच्युइटी दीड महिन्यानं मिळाली. पडताळणीत ठेकेदाराच्या नोंदीबद्दल एक फोन आला, बायोडेटाशी जुळली, विषय संपला. पहिलं काम त्याच पार्टचं मिळालं ज्याबद्दल त्यानं मुलाखतीत विचारलं होतं.

## वेगळं काय करता आलं असतं

पगाराचा आकडा फोनवर, तयारीशिवाय, पहिल्यांदा आपणच सांगणं ही सरळ चूक होती. "पदासाठी काय रेंज ठरली आहे?" हा प्रश्न चालतो, आणि आकडा द्यावाच लागला तर "हातात" हा शब्द जोडून. बदलता भाग मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के मिळाला, हेही विचारायला हवं होतं.

पहिल्या नकारानंतर लगेच प्रश्न लिहून ठेवले असते तर रांजणगाव आणि चाकणच्या फेऱ्या वाचल्या असत्या. तीन मुलाखतींचे प्रश्न आठ महिन्यांनी आठवायचे म्हणजे निम्मे हरवतात, आणि हरवतात ते नेमके लाजवणारे.

नातेवाइकाकडचा सराव टाळावा, किंवा मामांनी केलं तसं पुढे पाठवावं. ड्रॉइंगवरच्या चिन्हांसाठी पाच आठवड्यांत एक संध्याकाळही ठेवली नव्हती. क्वालिटी इंजिनिअरच्या पदाला ती दोन-तीन लागतात.

आणि ईएसआयसी. जुना ठोक पगार 20,000 होता. मर्यादा 21,000 ची. नव्या नोकरीत 27,000 म्हणजे ईएसआयसी लागू नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये पत्नी आणि मुलं येतात, आई नाही. तिच्या गोळ्यांचे महिन्याला 1,400 आता दुकानात जातात, म्हणजे वाढलेल्या 6,100 मधले 4,700 उरतात. आईला जादा हप्ता भरून मेडिक्लेममध्ये घेता आलं असतं. त्यात रोजच्या गोळ्या बसत नाहीत, पण दवाखान्यात भरती करावं लागलं तर खर्च निघतो. त्याचा अर्ज रुजू होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात होता आणि कोरा परत गेला. तो पुन्हा मिळणार पॉलिसीच्या वार्षिक नूतनीकरणाला.